समवर्ती सूची आणि आमचे हे

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. मला बघायला आले तेव्हा सगळ्यांच्या देखत, पोह्यांची बशी हातात धरून ह्यांनी सांगून टाकलं, “मी घोरतो. मोठ्यानं. आधीच सांगितलेलं बरं.” माझे वडील म्हणाले, असा सरळ मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. वडिलांचं काय जातंय! घोरणं ऐकायचं होतं मला.

शेषगिरी मास्तर म्हणून धारवाडात ह्यांना पुष्कळजण ओळखतात. जन्मभर एका हायस्कुलात समाजविज्ञान शिकवलं. घरात मराठी, वर्गात कन्नड, आणि चिडले की दोन्ही. इतिहास बरा शिकवायचे, भूगोल कसाबसा, पण नागरिकशास्त्र म्हटलं की अंगात यायचं. केंद्राची सूची, राज्याची सूची आणि दोघांची मिळून समवर्ती सूची शिकवायला ते वर्गातली बाकं हलवायचे. खिडकीकडची रांग दिल्ली, भिंतीकडची रांग बेंगळूरु, आणि मधली रांग समवर्ती. संरक्षण म्हटलं की खिडकीकडच्यांनी उभं राहायचं, पोलीस म्हटलं की भिंतीकडच्यांनी. आणि वीज म्हटलं की मधल्या रांगेला दोन्हीकडचे चिमटे काढणार आणि वर्गात धुडगूस. हेडमास्तर धावत यायचे. हे शांतपणे सांगायचे, “सर, समवर्ती सूची चालू आहे.”

माणूस असा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला स्कूटर थांबवणार आणि मला मागं बसवून उन्हात भाजणार. “अहो, कोण बघतंय?” म्हटलं तर म्हणणार, “दिवा बघतोय.” 

निवृत्तीनंतर आम्ही हुबळीच्या वाटेवर उणकलमध्ये घर बांधलं. तळ्याच्या अंगानं जुनं गाव आहे, त्याला खेटून नवे प्लॉट पडले, त्यातला एक आमचा. गच्ची प्रशस्त. मुलगी निवेदिता बेंगळुरात असते, तिनं दिल्लीच्या योजनेत अर्ज भरून टाकला, आणि गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर सोलरची पॅनेलं बसली. दारात दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर लागलं. दिवसा आपली वीज कंपनीला द्यायची, संध्याकाळी तिच्याकडून घ्यायची. ह्यांना तर नातू झाल्यासारखं झालं. सकाळी तळ्याला फेरी मारून आले की आधी गच्चीवर जाऊन पॅनेलं पुसणार, मग मीटरसमोर उभे. “वेणू, दोघांचा संसार बघ इथं,” म्हणायचे. “योजना दिल्लीची, मीटर राज्याच्या नियमाचं. समवर्ती सूची आपल्या भिंतीवर टांगली आहे.” मी म्हणायची, टांगली आहे तर हार घाला.

आता गोदावरीचं सांगते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडं जुन्या गावातलं घर लागतं, तिथं गोदावरी राहते. अळणावरच्या बाजूची, आपली मराठी बोलणारी. नवरा गेला, पदरी मूलबाळ नाही. ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून ती धारवाडच्या सप्तापुरातल्या एका मेसला देते. विद्यापीठाची पोरं भाकऱ्या खातात म्हणजे काय, पापडासारख्या मोडतात. त्यामुळं काम रोजचं. पण हात थापून थापून तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टरनं सांगितलं, थापणं बंद, नाहीतर हात वर उचलायचा नाही. मग तिनं होतं नव्हतं ते घालून एक मशीन आणलं. पीठ मळायचं आणि भाकरी दाबायची, दोन्ही तेच करतं.

मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी परत. तिच्या घराची जोडणी जुनी, दोन दिवे आणि एका पंख्याची. मीटर मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. लोड वाढवायचा तर चार दिरांच्या सह्या पाहिजेत, आणि चार दिरांची तोंडं चार दिशांना. एकाला वाटतं सही दिली की घर तिचं होईल, दुसरा म्हणतो पहिला देत नाही तर मी का देऊ? सोलरचंही तेच, छप्पर तिच्या नावावर नाही. म्हणजे मशीन घरात, आणि बाई मशीनवर टॉवेल घालून भाकऱ्या थापत बसलेली.

आमची गोदावरीशी ओळख भिंतीवरची. माझी कढी उरली की वाटी भिंतीवर जायची, तिच्याकडून ती वाटी रिकामी कधी आली नाही. कधी शेंगाची चटणी, कधी चार भाकऱ्या. त्या दिवशी मी वाटी द्यायला गेले तर ही डाव्या हातानं उजवा खांदा दाबून बसलेली, डोळ्यांत पाणी. मी घरात आले आणि ह्यांना म्हटलं, “आपल्या विजेचं दुपारी काय होतं हो?”

“कंपनीला जाते.”

“आपण दोघं दुपारी झोपतो, पंखा एवढाच. बाकी सगळी कंपनीला?”

“बहुतेक सगळी.”

“मग कंपनी काय आपली मावशी लागते? उरलेली कढी आपण शेजारी देतो की कोपऱ्यावरच्या हॉटेलला नेऊन देतो? एक वायर टाका भिंतीवरून.”

हे एकदम ताठ बसले. कायद्यात बसतं का ते बघायला हवं म्हणाले, आणि बघायला लागले. दिल्लीच्या योजनेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडची पोरगी हिंदीतून गोड आवाजात म्हणाली, शेजाऱ्याला वीज देण्याचा प्रश्न राज्याचा आहे, तिथं विचारा. बेंगळुरात राज्याच्या वीज खात्याला फोन लावला. तिथला गृहस्थ म्हणाला, “स्कीम केंद्रद्दु, सर,” म्हणजे योजना केंद्राची, त्यांनाच विचारा. ह्यांनी परत दिल्ली, परत बेंगळूरु. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं. पण आमचे हे फोन ठेवून उठले ते हसतच.

“वेणू, दोघांनाही विचारलं. नाही कुणीच म्हणालं नाही.”

“हो तरी कुणी म्हणालं?”

“मनाई नाही ती मुभा. घटनेत असंच वाचायचं असतं.”

सगळ्या हुबळी-धारवाडात ही चूक दुसरं कुणी केली नसती. दुसऱ्या माणसानं गुपचूप वायर टाकली असती आणि चोरी आहे हे त्याला माहीत असतं. आमच्या ह्यांनी दोन सरकारांना फोन करून, इलेक्ट्रिशियन बोलावून, चांगली जाड तांबडी वायर कढीलिंबाच्या झाडावरून टाकली, आणि भिंतीपाशी उभं राहून गोदावरीला सांगितलं, “मशीन बिनघोर चालव. मी आहे.”

ती म्हणाली, “सर, उपकार कसे फेडू?” हे म्हणाले, “सूर्याचे फेड.”

पावसाळा गेला, दसरा दिवाळी गेली. रोज सकाळी ऊन वर आलं की भिंतीपलीकडं मशीनची घरघर सुरू व्हायची आणि हे पेपर खाली ठेवून ऐकत बसायचे. मेसवाल्यानं भाकऱ्या वाढवून मागितल्या. गोदावरीनं मदतीला शेवंता म्हणून एक बाई ठेवली. तिच्या खांद्याची कळ उतरली, ती मोठ्यानं हसायला लागली. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

संक्रांतीच्या पुढं मीटर बघायला वीज कंपनीचा इंजिनियर आला. राघवेंद्र नाव, रायचूरकडचा, तरणाबांड पोरगा. तुम्हाला वाटेल आता हा ह्यांचा विद्यार्थी निघणार. नाही निघाला. त्यानं मीटर बघितलं, गच्ची बघितली, आणि खाली येताना त्याची नजर गेली कढीलिंबावर.

“येनु सर, ही वायर कुठं जाते?”

दुसरा कुणी असता तर कपडे वाळत घालायची दोरी म्हणाला असता. हे म्हणाले, “शेजारी. गोदावरीच्या मशीनला. माझी जास्तीची वीज मी तिला देतो. फुकट.” वर त्याला वायर कुठनं कुठं गेली आहे ते नीट दाखवलं!

पोरगा बिचारा घामाघूम. म्हणाला, सर, तुमच्या जोडणीची वीज तुमच्याच घरात. दुसऱ्याच्या घरात दिली की ते वितरण झालं, त्याला परवाना लागतो. फुकट दिली तरी. वायर काढा, नाहीतर मला तुमचं सोलर बंद करावं लागेल आणि वर दंडाचा कागद लिहावा लागेल. ह्यांनी दोन्ही फोनांची हकिगत सांगितली. त्यानं ऐकली आणि म्हणाला, “सर, दिल्ली आणि बेंगळूरु काय म्हणाले ते मला माहीत नाही. मी उणकलचा इंजिनियर आहे.”

हे उठले, स्टूल घेतलं, मेन बंद केला आणि स्वतःच्या हातानं वायर सोडवली. भिंतीपलीकडं मशीन थांबलं. “काय झालं हो, सर?” म्हणून गोदावरी भिंतीशी आली. हे स्टुलावरच वायर गुंडाळत राहिले. मी आहे म्हणून सांगितलं होतं ना! शेवटी मीच सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ द्या अक्का, नशिबात होतं तेवढे दिवस चाललं.” तिच्या जागी मी असते तर चार शिव्या घातल्या असत्या.

त्यानंतर ह्यांचं जेवण गेलं. भाकरीकडं बघवेना. सगळा दिवस कायद्याचे कागद. मला समजावायचे, कायदा दिल्लीनं केला, पण मीटर कसं द्यायचं, दर काय लावायचा, ते नियम राज्याच्या वीज आयोगानं करायचे. मग ग्राहकांचे हक्क म्हणून दिल्लीनं पुन्हा वेगळे नियम काढले. मी म्हटलं, कळलं, सासूनं किल्ल्या सुनेच्या कमरेला दिल्या, पण कोठी कधी उघडायची ते सांगायचं सोडलं नाही. हे माझ्याकडं बघतच राहिले. “वेणू, हे वर्गात सांगायला हवं होतं,” म्हणाले.

आयोगाची जनसुनावणी होती. हे पांढरा शर्ट इस्त्री करून गेले, मलाही नेलं. मोठा हॉल, समोर आयोगाची माणसं, इकडं कारखानदार, शेतकरी, वकील. ह्यांची पाळी आली. मला वाटलं, आता तिन्ही रांगा उभ्या करणार. पण हे कन्नडमधून एवढंच म्हणाले, “माझ्या गच्चीवर ऊन पडतं. माझ्या शेजारणीच्या छपरावरही पडतं, पण ते तिच्या नावावर नाही. माझं जास्तीचं तिला देऊ द्या. नियम दिल्लीनं करावा की तुम्ही, हे तुम्ही दोघं ठरवा. लवकर ठरवा, तिचा खांदा दुखतो.” हॉलमध्ये लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. अध्यक्ष सभ्य माणूस. म्हणाले, मास्तर, शेजाऱ्याला वीज देण्याची वाट कुठं ना कुठं निघते आहे, पण ती रीतसर व्हायला हवी. आम्ही विचार करू.

बसमध्ये ह्यांचा चेहरा उजळलेला. “विचार करू म्हणाले, वेणू! लिहूनसुद्धा घेतलं!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बसमध्ये काय बोलणार? घरी आल्यावर मी पाणीसुद्धा न पिता मागच्या भिंतीशी गेले. गोदावरी डाव्या हातानं भाकरी थापत होती. डाव्या! भाकरी एकीकडं जाड, एकीकडं फाटलेली, आणि थापायची सवय नसलेली शेवंता बाजूला नुसती उभी. मेसवाल्यानं निरोप पाठवला होता, अशा भाकऱ्या नकोत, महिनाअखेरीला दुसरीकडं बघतो.

मी आत येऊन ह्यांना म्हटलं, “तुमचे विचार करणारे विचार करतील तेव्हा करोत. मला एक सांगा, वीज भिंतीपलीकडं न्यायला परवाना लागतो ना?”

“लागतो.”

“आणि बाईला भिंतीअलीकडं यायला?”

हे चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले. “बाईला... नाही लागत.”

“मग बसलात काय! उठा की!”

मशीन आणायला हातगाडी केली. जुन्या गावाच्या बोळातून वळसा घालून ते आमच्या फाटकातून आत आलं, पुढं हे, मागं मी आणि शेवंता. गोदावरी फाटकाशी घुटमळली. म्हटलं, ये की आत, पाय धुवायला गरम पाणी आणू काय? तर म्हणते, “नाही हो अक्का. इतकी वर्षं वाटी भिंतीवरनंच गेली. तुमचं दार कुठल्या बाजूला आहे तेच बघत होते.”

हसून म्हणाली, पण मला जिथं लागायचं तिथं लागलं. मी तिचा हात धरून तिला आत आणलं.

मागच्या पडवीत मशीन बसवलं. आमच्याच भिंतीतला प्लग, आमचंच मीटर, लोड मंजुरीच्या आत. हे तीन वेळा बेरीज करून आले. मशीन सुरू झालं आणि पहिली भाकरी पडली तेव्हा तिघी बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र पडवीत येरझाऱ्या घालत होते. “राघवेंद्र येणार. त्याला मीच कळवलंय.”

“कळवलंत?” माझा आवाज चढला. “कशाला?”

“वायर परत टाकली नाही ना ते तपासायला येतो म्हणाला होता. आलाच तर लपवायचं का?”

कर्म माझं. आला तो. वायर गेलेली बघितली, मान हलवली. मग घरघर ऐकून पडवीत आला.  मशीन चालूच होतं.

“लोड ठीक आहे,” तो म्हणाला. “वायर बाहेर नाही. पण सर, दुसऱ्याचा धंदा तुमच्या जोडणीवर चालत असेल तर परत तीच भानगड. घरातल्या माणसानं घरात बसून केलं तर गोष्ट वेगळी.” त्यानं गोदावरीकडं बघितलं. “ह्या कोण? घरातल्याच का?”

 ह्या माणसाला जन्मात खोटं बोलता आलेलं नाही. आता म्हणणार, शेजारीण, आणि वर सर्वे नंबरही सांगणार. गोदावरीनं हातातली भाकरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मशीनचं बटण बंद करायला हात पुढं केला. तिला ठाऊकच होतं उत्तर.

“राहू दे,” हे तिला म्हणाले. मग त्याच्याकडं वळले. “हौदु, हो. घरातलीच. माझी धाकटी बहीण.”

राघवेंद्रानं ह्यांच्याकडं बघितलं, गोदावरीकडं बघितलं. ह्यांचे कान लालबुंद झाले होते. शेवंतानं पुढं केलेली भाकरी आणि चटणी त्यानं उभ्यानंच खाल्ली, “आयितु सर,” म्हणजे झालं, एवढं म्हणाला आणि गेला.

तो फाटकाबाहेर गेला मात्र, मी कमरेवर हात ठेवले. “काय हो हरिश्चंद्र?”

“बोललो,” हे म्हणाले. मान खाली. “आता ते खरं करावं लागेल.”

मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाले. मशीन चालू राहिलं, मेसवाला परत वळला, सप्तापुरातली आणखी एक मेस मिळाली. रोज सकाळी गोदावरी फाटकातून येते, शेवंता तिच्यामागून. माझ्या स्वयंपाकघरात तिघींचा चहा होतो आणि ह्यांना पेपर वाचू देत नाही इतकी बडबड होते. आयोगाचा विचार अजून चालू आहे. हे दर आठवड्याला त्यांना आठवण लिहितात, एक प्रत दिल्लीला. रागानं नाही, मोठ्या आनंदानं. निवृत्त माणसाला आणखी काय पाहिजे!

श्रावण आला. आमच्या ह्या भागात नागपंचमीचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायचं, तंबिटाचे लाडू, झाडाला झोका. गोदावरीला सांगितलं होतं, उद्या सुट्टी, मशीन बंद. ती बरं म्हणाली. पंचमीला तिचं दार बंदच असतं, आईबाप गेल्यापासून अळणावरहून तिला न्यायला कुणी आलेलं नाही.

पंचमीच्या सकाळी बघते तर हे अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून तयार. हातात इरकली लुगड्याची घडी, वर नारळ. कधी आणली, कुठनं आणली, मला पत्ता नाही. म्हटलं, निघालात कुठं? तर म्हणाले, “बहिणीला आणायला.”

मी मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. हे भिंतीवरनं हाक मारू शकले असते. पण नाही, फाटकातून बाहेर पडले, सगळ्या बोळाला वळसा घातला, लोक बघत होते, आणि तिच्या दारात जाऊन कडी वाजवली. गोदावरीनं दार उघडलं. ह्यांचं धोतर बघितलं, नारळ बघितला.

“काय हो सर?”

“माहेरी चल,” हे म्हणाले. “न्यायला आलोय.”

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. हे लुगडं पुढं धरून तसेच उभे. भिंतीअलीकडं मीही रडत होते, आणि ह्या माणसाचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. मग तिनं डोळे पुसले, लुगडं घेऊन आत गेली, ते नेसून बाहेर आली, दाराला कुलूप घातलं आणि म्हणाली, “चला अण्णा.”